उघड्या इंजिनाची खंडेनवमी

घट बसले की आमच्या वजनकाट्याच्या खोलीत चर्चा सुरू होते, यंदा कशाकशाला कुंकू लावायचं याची. काट्याचा कॉम्प्युटर, पावत्या काढणारा प्रिंटर, फोन, कपाटाचं कुलूप. मागच्या वर्षी तर कुणीतरी पाण्याच्या जारलाही झेंडूचं फूल चिकटवलं होतं. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात मी काट्यावर बसते. गळीत सुरू व्हायला अजून अवकाश असतो, उसाच्या गाड्या यायच्या असतात, त्यामुळे खंडेनवमी आम्ही अगदी साग्रसंगीत करतो. सहकारी कुंकवाची वाटी घेऊन पुढं जातात आणि त्यांच्या मागोमाग मी ओलं फडकं घेऊन फिरते. ज्या खुणेवर काही अवलंबून आहे तिच्या जवळपास मी कुंकू टिकू देत नाही. "मॅडम, कुंकवाशी तुमचं एवढं काय वाकडं?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि सगळे हसतात. मीही हसते आणि फडकं पुन्हा पिळून घेते.

इतरांच्या आठवणीतल्या आश्विनाला शेवंतीचा वास असतो. माझ्या आश्विनाला डिझेलचा आहे. पाथर्डीकडं आमचं गाव. पाऊस उघडलेला, बाजरीची कणसं खुडून झालेली, तूर कमरेला लागलेली आणि ऊन असं की सकाळी नऊलाच पत्रा हात लावू देत नाही. त्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या दादाची पिकअप उभी होती, बॉनेट काढलेली आणि पुढून रिकामी. इंजिन बाहेर लोखंडी स्टँडवर, तेही उलटं. वारा आला की बाजरीचं भूस उडत यायचं, म्हणून शेडच्या तिन्ही बाजूंना आईच्या जुन्या साड्या बांधल्या होत्या. हिरव्या साडीतून ऊन गाळून यायचं आणि उघडे पिस्टन हिरवे दिसायचे.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. सतरा वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त करून घरी आला आणि त्यानं ही पिकअप घेतली. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांना कारखान्यावर पोचवायचं, एरवी घोडेगावच्या बाजाराला म्हशी न्यायच्या. माणसं मालाच्या गाडीत बसवू नयेत हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे, आणि टोळी निघते ती मालाच्या गाडीतूनच. आदल्या वर्षी करंजीच्या घाटात, ऐन वळणावर, भरलेली गाडी दमली. चढेना, आणि मग मागं सरकायला लागली. मागच्या बायकांनी उड्या मारून चाकांखाली दगड लावले. कुणाला काही झालं नाही. घरी आल्यावर दादा दोन दिवस गाडीखालीच होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पुढच्या हंगामाला ही गाडी घाट चौथ्या गिअरात चढंल, न्हाईतर मी टोळी भरनार न्हाई."

वर्षभर तो सामान जमवत होता. आधीच्यापेक्षा मोठा, इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो, त्याची गरम हवा गार करायला पुढं जाळीमागं बसवायचा इंटरकूलर, डिझेल फवारणारे नवे नोझल, आणि वाढलेली ताकद पेलायला आतून सगळी बेरिंगं आणि बोल्ट नवे, चांगल्या प्रतीचे. गावात चेष्टा व्हायची. म्हातारीला नव्या बांगड्या भरतोय म्हणायचे. दादा ऐकून घ्यायचा. फौजेतून आलेल्या माणसाला गावाची चेष्टा लागत नाही, त्याला गंजलेला बोल्ट लागतो.

मी त्या वर्षी घरी होते, कारण मला दुसरीकडं तोंड दाखवायला जागा नव्हती. पुण्यात चार वर्षं राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. चौथ्या वर्षी पूर्वपरीक्षेत एक प्रश्न नंतर सोडवू म्हणून ठेवला, पण उत्तरपत्रिकेवर त्याचं वर्तुळ मोकळं ठेवायचं विसरले. तिथून पुढं सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. कळलं तेव्हा तीन मिनिटं उरली होती. नापास होणाऱ्यांत मी एकटी नव्हते, पण ही अशी नापास व्हायची तऱ्हा माझी एकटीची. ही गोष्ट मी चुकून आईला सांगितली, आईनं मावशीला आणि मावशीनं तालुक्याला. "एवढी शिकली आन् गोल रंगवता आलं न्हाईत." घरात दुधावर लक्ष ठेवायलाही मला कुणी सांगेना. गॅसवर पातेलं चढलं की आई आतून धावत यायची, मी शेजारी उभी असले तरी.

एक दादाच होता ज्यानं काही म्हटलं नाही. भाद्रपदात इंजिन खोललं तेव्हा त्यानं मला हाक मारली. "मने, तुझ्याकडं नखाला लावायची बाटली हाय का गं? लाल?"

होती. चुलतबहिणीच्या लग्नात घेतलेली.

"मग आन. आन् इकडं बस. ह्ये इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचं आन् मी बोल्ट पक्का केला की त्याच्या डोक्यावर ठिपका द्यायचा. फौजेत एकजन आवळतो आन् दुसरा खूण करतो. आवळनाऱ्यानं खूण करायची न्हाई. त्याला वाटतं, झालंच हाय."

त्या दिवसापासून मी शेडमध्ये पोत्यावर बसू लागले. मॅन्युअलची झेरॉक्स मांडीवर, बाटली उजव्या हाताशी. दादा टॉर्क पाना लावायचा. हा लांब दांड्याचा पाना, त्यावर ताकदीचा आकडा बसवायचा, आणि बोल्ट तेवढा आवळला गेला की पाना 'टक्' म्हणतो. बोल्ट एका दमात आवळायचे नसतात. पहिल्या फेरीत अर्धे, दुसऱ्या फेरीत पुरते. दुसऱ्या फेरीचं 'टक्' ऐकलं की मी वाकून ठिपका द्यायची आणि मोठ्यानं म्हणायची, "खूण." दादा माझ्याकडं वळूनही बघायचा नाही, पुढच्या बोल्टकडं जायचा. त्या न बघण्यानं मला किती बरं वाटायचं ते सांगता येत नाही. मी 'खूण' म्हटलं की झालं, एवढा तो एक शब्द होता माझ्याकडं.

आजही काट्यावर गाडी चढते, आकडा स्थिर होतो आणि मी आत बोलते, "लॉक." पलीकडचा पावती काढतो. मधल्या क्षणात दादाची पाठ दिसून जाते.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही शेवटच्या कामाला लागलो होतो. पिस्टनला क्रँक नावाच्या फिरत्या आसाशी जोडणारा दांडा, त्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो क्रँकला ज्या अर्धगोल तुकड्यानं घट्ट धरतो ती कॅप. चार पिस्टन, चार कॅप, प्रत्येकीला दोन बोल्ट. ही एक सैल राहिली तर इंजिन रिकाम्या रस्त्यावर गोड चालतं. ओझं आलं, चढ आला की ती हळूहळू बडबडायला लागते, आणि मग एखादा दांडा तुटून इंजिनाच्या पोटातून बाहेर येतो. हे मला दादानंच समजावलं होतं. म्हणून या आठ बोल्टांच्या वेळी त्यानं रेडिओसुद्धा बंद केला होता.

पहिली फेरी सगळ्यांची झाली. दुसऱ्या फेरीत पहिल्या कॅपचे दोन, दुसरीचे दोन, तिसरीचे दोन. सहा टक्, सहा खुणा. आणि तेवढ्यात साडीचा पडदा सारून आई आली, हातात ताट.

"द्या ती हत्यारं. पूजा करायची हाय, येळ टळून चालली."

"आये, दोन बोल्ट ऱ्हायलेत," दादा म्हणाला.

"दोन बोल्टांनी काय आभाळ कोसळतंय? वरसातनं एक दिवस त्यांला विसावा देत न्हाईत तुमी लोकं. आन इकडं."

आमच्याकडं पूजेला बसलेल्या अवजाराला दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत हात लावत नाहीत. फौजी असो की ऊसतोड्या, टॉर्क पाना असो की कोयता. दादानंही सतरा वर्षं शस्त्रपूजा पाहिलेली, त्यामुळे तो काय बोलणार? पाना त्यानं स्वतःच पाटावर नेऊन ठेवला. आईनं पाने, हातोड्या, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मग ती उलट्या इंजिनाकडं वळली. "ह्ये बी हत्यारच की," म्हणाली, आणि ओल्या कुंकवाचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत टेकवत गेली.

"आये, बाह्यरनं लाव! आत कुंकवाचा कन जाऊ दिऊ नगं," दादा ओरडला.

"बाह्यरनंच लावतीय."

दादानं ताडपत्री टाकली, आणि आम्ही पुरणपोळी खायला गेलो. पुरणावर तूप किती होतं तेही मला आठवतं. महत्त्वाचं तेवढं कसं निसटतं आणि तूप कसं राहतं, हे मला माझ्या मेंदूनं कधी समजावून सांगितलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबूराव मुकादम दारात. टोळी जमवणारा, कारखान्याशी बोलणी करणारा, वयानं दादापेक्षा मोठा माणूस. यंदा बॉयलर लवकर पेटणार, कोजागिरीच्या सकाळीच निघावं लागेल, म्हणाला. दादाच्या हिशोबात आणखी आठवडा होता. तो उभ्याउभ्या चहा पिऊन शेडमध्ये गेला. ब्लॉकवरचं वाळलेलं कुंकू पुसून काढलं, ताडपत्री घडी केली, आणि आता चेंबर लावायचं म्हणाला. चेंबर म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. ते बसलं की आतलं काही दिसत नाही.

"मने, कॅपा बघून घे. समद्याला खूण झाली ना?"

मी वाकून पाहिलं. आठ बोल्टांवर आठ लाल ठिपके.

"हो," मी म्हणाले.

चेंबर बसलं. चेनब्लॉकनं उचलून इंजिन गाडीत बसवलं. पुढचे दोन दिवस टर्बो, पाईप, इंटरकूलर, वायरी. चौथ्या दिवशी दादानं चावी फिरवली आणि म्हातारी अशी बोलली की शेजारची म्हैस दावं तोडायला लागली. रिकामी गाडी घेऊन तो गावाच्या वेशीपासून फाट्यापर्यंत दोन खेपा करून आला. टर्बोची बारीक शीळ आमच्या गल्लीतून गेली तेव्हा चेष्टा करणारे ओट्यावरून उठून उभे राहिले. आईनं दादाची दृष्ट काढली. दादा हसला, आणि त्याचे दात इतके पांढरे आहेत हे मला तेव्हा कळलं.

कोजागिरीची सकाळ. गाडीत सोळा माणसं, ताडपत्र्या, वाकळा, भांडी, पाण्याचे ड्रम, बांधलेल्या कोंबड्या आणि सुतळीत गुंडाळलेले कोयते. चाकांखाली लिंबं ठेवली होती. आई ताट घेऊन आली, नारळ फुटला. मग तिनं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि बॉनेटवर टेकवलं. एक, दोन, तीन. मी शेजारीच उभी होते. तिसऱ्या ठिपक्याकडं पाहिलं, मग वाकून जवळून पाहिलं.

तो ठिपका माझ्या ठिपक्याएवढा होता. तेवढाच गोल, वाळला की तसाच लाल.

मी आठ ठिपके पाहिले होते. मी दिलेले सहा मला आठवत होते. पुढचे दोन मी दिले का? दसऱ्यानंतर दादानं पाना हातात घेतला होता, पण तो या बोल्टांसाठी की वरच्या हेडसाठी? मी डोकं हलवलं, डोळे मिटले, ते दोन टक् ऐकायचा प्रयत्न केला. कुठंच काही ऐकू येईना. उत्तरपत्रिकेची शेवटची तीन मिनिटं जशी गेली तशीच ही जात होती. फरक एवढाच की या वेळी घरं सोळा माणसांची होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण निघत्या गाडीला टोकत नाहीत. कुठं चाललात विचारत नाहीत, मागून हाक मारत नाहीत, चाकाखालचं लिंबू फुटेपर्यंत शिंकही दाबतात. आणि टोकणार कोण, तर गोल रंगवता न आलेली. काय सांगणार होते मी? की त्या दिवशी मी 'हो' म्हणाले, पण न आठवता म्हणाले? दादाजवळ माझा तेवढा एकच शब्द चालत होता. तोच खोटा निघाला तर मग माझ्याकडं काय उरतं, हा विचार मी केला. सोळा माणसं समोर बसलेली असताना मी हा विचार केला. लाज वाटते, पण केला.

मी एवढंच म्हणाले, "दादा, मी येते नगरपर्यंत." आणि त्याचं उत्तर यायच्या आत केबिनमध्ये चढले. लिंबं फुटली.

तिसगाव गेलं. मी कान इंजिनाला लावून बसले होते. टर्बोची शीळ, टायरांचा आवाज, मागच्या भांड्यांचा खडखडाट, आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी खट् होतंय का? होतंय असं वाटायचं, मग ते मागच्या एखाद्या भांड्याचं झाकण निघायचं. होत नाही असं वाटायचं, मग ते जास्त भयंकर. मागं कुणीतरी मोबाईलवर गाणी लावली होती. एक तान्हं मूल रडत होतं, पाच महिन्यांची मुलगी. तिची आई रेखा या टोळीत पहिल्यांदाच चालली होती. दादा खुशीत होता. "बघ, अजून अर्धाबी पाय दाबला न्हाई म्या," म्हणाला. मी 'हं' केलं. त्याच्या हाताखाली गिअरचा दांडा थरथरत होता आणि मी त्या थरथरीकडं बघत होते.

करंजी आली. डोंगर समोर दिसायला लागले आणि रस्ता नाक वर करू लागला. दादानं पाय दाबला, गाडीनं उसळी घेतली, मागं पोरींनी आरोळी दिली.

"दादा, गाडी बाजूला घे."

"काय झालं?"

"आधी बाजूला घे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्या चहाच्या टपरीशेजारी, कडुनिंबाखाली, गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही. मी म्हणाले, "चौथ्या कॅपचं मला आठवत नाही. मी 'हो' म्हणाले होते ते ठिपके बघून म्हणाले होते. ते आईचं कुंकू असेल. टक् ऐकल्याचं मला आठवत नाही." एका दमात बोलले. थांबले असते तर पुढचं बाहेर पडलं नसतं.

दादानं चावी फिरवली. मला वाटलं आता तो ओरडेल. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग हळू म्हणाला, "मलाबी आठवत न्हाई."

एवढं बोलून तो खाली उतरला. "समदे उतरा. बायाबी. गाडी खोलायची हाय."

मुकादम खवळला. त्याची चूक नव्हती. "फौजी, निघायच्या टायमाला सांगायला काय झालं हुतं? तवा त्वांड शिवलं हुतं का?"

"माझी चूक हाय. म्या न बघता चेंबर लावलं."

"खूण माझी होती," मी म्हणाले. "मला गाडी निघतानाच शंका आली होती. टोकू नये म्हणून बोलले नाही."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. एक म्हातारी पदर खोचत म्हणाली, "वा गं शिकल्याली! टोकलं तर दोष लागतो, आन् घाटात मेल्यावर काय हार घालत्यात व्हय?" कुणी हसलं नाही. तिनं आपल्या बोचक्यातून नवंकोरं घमेलं काढलं आणि ऑइल धरायला दादाच्या हातात दिलं. मला तिच्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही. उलट कुणीतरी ते बोललं म्हणून छातीवरचं ओझं जरा हललं.

कढत ऑइल काळ्या धारेनं घमेल्यात पडायला लागलं. दादा पाठीवर झोपून गाडीखाली, मी त्याच्या पायांशी उकिडवी. चेंबरचे बोल्ट एकेक करून तो माझ्या ओंजळीत देत होता. घाटातून उतरणाऱ्या गाड्या मंदावून बघून पुढं जात होत्या. नगरकडं चाललेला एक रिकामा टेम्पो थांबला. ड्रायव्हर मुकादमाला म्हणाला, "चला घेऊन जातो की. हितं उन्हात पोरं घेऊन काय बसताय?" मुकादमानं हातानंच थांब म्हटलं, आणि टेम्पोवाला सावलीत तंबाखू मळत उभा राहिला.

चेंबर खाली आलं. मला फक्त त्याची पावलं दिसत होती आणि ती हलत नव्हती.

"मने, खाली ये. तूच बघ."

मी आत सरकले. पहिल्या कॅपवर दोन लाल ठिपके, ऑइलनं चमकणारे. दुसरीवर दोन, तिसरीवर दोन. चौथीवर काहीच नाही. नुसतं स्वच्छ लोखंड. काल-आजच्या गरम ऑइलमध्ये आईचं कुंकू धुऊन गेलं होतं.

"क्रँक फिरीव," दादा म्हणाला. मी बाहेर येऊन पुढच्या पुलीला पाना घातला आणि सगळं वजन टाकून ढकललं, चौथी कॅप त्याच्या हाताशी खाली आली. त्यानं टॉर्क पाना लावला. पाना फिरला. फिरत राहिला. थोडाथोडका नाही, पाव वेढ्याहून जास्त फिरला, आणि मग टक्. दुसराही तसाच. कॅप काढून त्यानं बेरिंग पुसून पाहिलं, बोटानं चाचपलं, क्रँकवर नख फिरवलं. "वाचलं," म्हणाला. "चढाला घेतली आस्ती तर दुसऱ्या वळनापत्तुर न्हाई टिकली." मग कॅप परत बसवली, दोन फेऱ्यांत आवळली. मी पुन्हा आत सरकून बघत होते आणि तो बघणाऱ्याची वाट बघत होता. "हं," मी म्हणाले, तेव्हाच त्यानं पाना काढला.

मी गाडीखालून निघाले आणि टपरीमागं जाऊन रडले. बरोबर ठरल्याचा आनंद वगैरे मला शिवलासुद्धा नाही. त्या पंचवीस किलोमीटरांत एक बरा चढ लागला असता तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. आजही उसानं भरलेली गाडी काट्यावर चढताना इंजिन जरा कण्हलं की 'लॉक' म्हणण्याआधी मी कान देऊन ऐकते.

चेंबरच्या कडेला सीलची चिकट पेस्ट लावून ती धरेपर्यंत तासभर थांबलो, मग साडीच्या फडक्यातून गाळून ऑइल परत भरलं. दादानं इंजिन चालू केलं आणि पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहिला. मग मुकादमाकडं गेला. मला वाटलं काहीतरी सारवासारव करेल. त्यानं जे होतं ते सांगितलं. दोन बोल्ट ढिले होते, आता पक्के आहेत, घाट चढेल असं मला वाटतं. ज्यांना भ्या वाटत असेल त्यांनी त्या टेम्पोतून जा, मी राग मानणार नाही. 'चढेल' असं छातीठोक तो म्हणाला नाही, 'मला वाटतं' म्हणाला. माझा दादा असं कधी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

सात-आठ जण टेम्पोकडं गेले. त्यांना कोण काय म्हणणार? बोचकी उतरवायला मीच हात लावला. घमेलंवाली म्हातारीही तिकडं गेली, आणि जाताना तेलकट घमेलं मातीनं घासत गेली. मी केबिनमध्ये चढून बसले. मान वर करायचं धाडस नव्हतं. दारावर टकटक झाली.

रेखा होती. कडेवर तिची मुलगी, डोक्याला लाल टोपडं, रडून रडून नाक वाहत असलेली.

"ताई, हिला तुमच्यापाशी घ्या. मागं वारं लई लागतंय."

"अगं, तू त्या टेम्पोत जा ना. तिथं केबिनमध्ये जागा आहे."

"न्हाई."

"रेखा, तुला कळलं ना काय झालं ते? निघतानाच मला ठाऊक होतं, तरी मी..."

"कळलं की." तिनं मुलीचं नाक पदरानं पुसलं. "त्यो टेम्पोवाला तासभर झाला हसून बोलतोय. त्याच्या गाडीत काय ढिलं हाय त्ये कुनाला ठावं? तुमी उशिरा का हुईना, बोलला तरी."

आणि तिनं मुलगी खिडकीतून आत दिली. मला लहान मूल धरायची सवय नव्हती. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, असं काहीतरी धरलं. ती माझ्या मांडीवर वाकडीतिकडी झाली, माझ्या ऑइलनं माखलेल्या बोटाला मुठीत धरलं आणि ओरडायला लागली. रेखा मागं जाऊन बसली. दादानं पहिला गिअर टाकला.

पहिल्या वळणाला मी डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. आदल्या वर्षी गाडी जिथं मागं सरकली होती ते वळण आलं तेव्हा दादानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मी मान हलवली. मला काहीच ऐकू येत नव्हतं, मुलीचं रडणं सोडलं तर. गाडी चढत होती. घाट संपून वर सपाटीला लागलो तेव्हा रडं कधी थांबलं होतं ते मला कळलंही नव्हतं. पोर झोपली होती. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला होता, दादा दोनदा म्हणाला, "खाली ठिव तिला, शीटवर." नगर येईपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही.